बॉयलर सांभाळणारे हात घडतात कुठे?

विशेष प्रतिनिधी

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात भीषण स्फोट झाला. आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या, अनेक कामगारांचा बळी गेला. पहिल्या काही तासांत सर्वत्र 'बॉयलरचा स्फोट' असेच वृत्त पसरले. स्फोट बॉयलरचा नसून रिअॅक्टरचा, म्हणजे रासायनिक प्रक्रिया घडवून आणणाऱ्या पात्राचा होता, हे नंतर स्पष्ट झाले. चूक लगेच दुरुस्त झाली. पण कारखान्यात स्फोट झाला की आपल्या तोंडी पहिला शब्द 'बॉयलर' हाच येतो, हे त्यातून दिसले. हे यंत्र नेमके कसे चालते, ते कोण चालवतो आणि त्या माणसाला ते कोणी शिकवले, याविषयी मात्र शहरी वाचकाला फारशी माहिती नसते. वास्तविक इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसपासून चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रापर्यंत असंख्य ठिकाणी बॉयलर रात्रंदिवस धगधगत असतात. साखर, दूध, औषधे, कापड आणि वीज यांतील बरेचसे आपल्यापर्यंत पोहोचते ते वाफेच्या बळावरच.

कुकरपासून महाऔष्णिक केंद्रापर्यंत

बॉयलरचे तत्त्व स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरहून वेगळे नाही. बंद भांड्यात पाणी तापवायचे, वाफ कोंडायची आणि तिचा दाब कामाला लावायचा. कुकरची शिट्टी जादा दाब बाहेर सोडते, आणि पाणी आटून कुकर कोरडा पडला तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून धोका टळतो. लहान बॉयलरमध्येही सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वितळणारा प्लग याच कामासाठी असतात. फरक आहे तो प्रमाणाचा. घरच्या कुकरमध्ये दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातील नेहमीचा लहान बॉयलर दहा किलोच्या आसपास चालतो. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत तो ८७ किंवा ११० किलोपर्यंत जातो. २१० मेगावॉटच्या औष्णिक संचात दाब सुमारे १५० किलो, वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सियसच्या घरात आणि वाफेचे उत्पादन ताशी सुमारे ७०० टन असते. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांचे तंत्रज्ञान तर त्याही पुढचे, 'सुपरक्रिटिकल' म्हणून ओळखले जाणारे आहे. तेथे दाब इतका असतो, की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही.

बॉयलरचा धोका केवळ वाफेत नसतो, तो तापलेल्या पाण्यातही असतो. दाबाखाली असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर जाऊनही पाणीच राहते. भांडे फुटून दाब एकाएकी नाहीसा झाला, की त्यातले बरेचसे पाणी क्षणार्धात वाफ होते. आणि वातावरणाच्या दाबाला पाण्याची वाफ होते तेव्हा तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. बॉयलर फुटल्यावर भिंती कोसळतात आणि लोखंडाचे तुकडे लांबवर फेकले जातात, ते यामुळे.

कायद्याची दीडशे वर्षे

हा धोका ओळखून कायदा होण्यासाठीही अपघातच कारणीभूत ठरला. १८६३ मध्ये कोलकात्यात झालेल्या बॉयलरच्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगाल प्रांताने वाफेच्या बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. पुढे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे नियम झाले. त्यांतील विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा बॉयलर अधिनियम आला. तो शतकभर लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाला राज्यसभेने डिसेंबर २०२४ मध्ये, तर लोकसभेने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि बॉयलर अधिनियम, २०२५ अस्तित्वात आला. नव्या कायद्याने काही किरकोळ गुन्हे फौजदारी कक्षेतून वगळले. मात्र जीवित वा मालमत्तेची हानी घडवू शकणाऱ्या गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली. बॉयलरची दुरुस्ती पात्र व सक्षम व्यक्तींकडूनच व्हावी, यावरही त्यात भर आहे.

महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी कामगार विभागाच्या अखत्यारीतील बाष्पके संचालनालय करते. बॉयलरची नोंदणी, नियतकालिक तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि वापराचे प्रमाणपत्र ही त्याची मुख्य कामे. यंत्राप्रमाणेच ते चालवणाऱ्या माणसालाही प्रमाणपत्र लागते, हे मात्र सर्वसामान्यांना सहसा ठाऊक नसते. मोटार चालवण्यासाठी जसा परवाना, तसे बॉयलर सांभाळण्यासाठी प्रमाणपत्र. ते नसलेल्या माणसाच्या हाती बॉयलर सोपवणे हा मालकाचा गुन्हा ठरतो.

प्रमाणपत्राच्या पायऱ्या

केंद्र सरकारने २०११ मध्ये केलेल्या दोन नियमावलींमधून या प्रमाणपत्रांची चौकट उभी राहिली. पहिली नियमावली बॉयलर अटेंडंटची. त्यात द्वितीय श्रेणी आणि प्रथम श्रेणी अशा दोन पायऱ्या आहेत. द्वितीय श्रेणीचा अटेंडंट लहान बॉयलर सांभाळू शकतो, प्रथम श्रेणीचा त्याहून मोठा. दुसरी नियमावली बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची. ज्या बॉयलरचे, किंवा एकत्र चालणाऱ्या बॉयलरच्या समूहाचे, तापणारे क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटरहून अधिक आहे, तेथे असा अभियंता आवश्यक असतो. वीज केंद्रे, मोठे साखर कारखाने, खत प्रकल्प, तेलशुद्धीकरण कारखाने या वर्गात मोडतात. कारखान्यांच्या जाहिरातींत 'बीओई हवा' असे लिहिलेले असते, तो हाच.

या सर्व परीक्षांना बसण्यासाठी नुसते पुस्तकी शिक्षण पुरत नाही. अभियंत्याला पदवी वा पदविकेच्या जोडीला बॉयलरवर काम केल्याचा ठरावीक वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. अटेंडंटने आधी फायरमन किंवा मदतनीस म्हणून बॉयलरवर उमेदवारी केलेली असावी लागते. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार बॉयलर अटेंडंटचा व्यवसायही उपलब्ध आहे. परीक्षक मंडळापुढे तोंडी व प्रत्यक्ष कामाची परीक्षा होते, आणि अभियंत्याला लेखी परीक्षाही द्यावी लागते. 'पाणी दिसेनासे झाले तर काय कराल?' हा या परीक्षांतला सर्वांत जुना आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणता येईल.

त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. बॉयलरच्या नळ्या किंवा भट्टीचा पत्रा आगीच्या धगीत टिकतो, तो दुसऱ्या बाजूला पाणी असते म्हणून. पाण्याची पातळी खाली गेली, की धातू उघडा पडून लालबुंद होतो आणि त्याची ताकद झपाट्याने घटते. अशा वेळी घाबरून फीड पंप सुरू करावा आणि गार पाणी आत घ्यावे, असे कोणाही अननुभवी माणसाला वाटेल. नेमके तेच घातक. तापलेल्या धातूवर पाणी पडताच वाफेचा लोंढा उसळतो, धातू एकाएकी आकसतो आणि स्फोट होऊ शकतो. पाण्याची पातळी खात्रीने कळत नसेल, तर आधी आग बंद करायची, पाणी आत घ्यायचे नाही आणि बॉयलर सावकाश थंड होऊ द्यायचा, हे प्रशिक्षित माणसाला पाठ असते. येथे शहाणपण अंतःप्रेरणेच्या नेमके उलट असते. म्हणून ते आधी शिकावे आणि घोटवून घ्यावे लागते.

महाविद्यालयात काय शिकवले जाते?

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेत बॉयलर हा विषय असतो. लँकेशायर, कोकरन आणि बॅबकॉक-विल्कॉक्स बॉयलरच्या आकृत्या, 'माऊंटिंग्ज' आणि 'अॅक्सेसरीज' यांतील फरक, वाफेचे तक्ते हे सारे विद्यार्थी मन लावून पाठ करतात. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. पण पदविका हाती पडलेल्या कित्येक तरुणांनी चालता बॉयलर पाहिलेला असतो, तो एखाद्या औद्योगिक सहलीतच, आणि तोही दहा-पंधरा मिनिटे. गेज ग्लासचे कॉक उघडून पाण्याची खरी पातळी तपासणे, ब्लो-डाऊन किती वेळ द्यायचा हे ठरवणे, पाण्याचा कडकपणा मोजून सॉफ्टनरला मीठ द्यायची वेळ ओळखणे या गोष्टी वर्गात सांगता येतात. त्या हाताला वळण देऊन शिकवता येतात त्या मात्र बॉयलरघरातच.

साखर उद्योगासाठी पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञान व अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आहेत. वीजनिर्मितीच्या क्षेत्रात व्यवस्था अधिक बांधीव आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय ऊर्जा प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे 'एनपीटीआय'चे, एक केंद्र नागपुरात आहे. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी औष्णिक वीज केंद्र अभियांत्रिकीचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम ही या संस्थेची ओळख. महानिर्मिती कंपनीचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र कोराडी येथे आहे. वीज केंद्र चालवणाऱ्या व देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना विहित प्रशिक्षण देणे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे.

या प्रशिक्षणाचे मोठे साधन म्हणजे सिम्युलेटर. वैमानिकाला जसे जमिनीवरच खोट्या विमानात वादळ दाखवतात, तसेच येथे वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असते. प्रशिक्षक शेजारच्या खोलीतून फीड पंप बंद पाडतो, भट्टीतील ज्योत विझवतो, नळी फुटल्याची स्थिती निर्माण करतो. समोर बसलेल्या तरुणाला काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो. चुकला तर संच 'ट्रिप' होतो. कोणाला इजा होत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उदाहरणार्थ, भट्टी विझली तर ती लगेच पेटवायची नसते. आत साचलेले इंधन आणि वायू पंख्यांनी काही मिनिटे बाहेर काढल्याशिवाय ज्योत लावली, तर भट्टीतच स्फोट होऊ शकतो. वीज बंद राहिल्याने प्रत्येक मिनिटाला तोटा होत असताना ही काही मिनिटे शांतपणे थांबणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग.

खरी दरी कुठे आहे?

मोठ्या वीज केंद्रांतील अभियंत्यांसाठी असलेली ही सोय आणि लहान कारखान्यांतील वास्तव यांत मोठे अंतर आहे. लहान कारखान्यात बॉयलर हे उत्पादनाचे साधन नसून उत्पादनाला लागणारी एक 'सोय' मानली जाते. प्रमाणपत्र असलेला अटेंडंट दिवसपाळीला असतो. रात्रपाळीत कधी मदतनीस, तर कधी ठेकेदाराने पाठवलेला कालपरवाचा कामगार उभा असतो. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असते, पण ज्याचे ते आहे तो माणूस जागेवर नसतो. कायद्याला कागद नव्हे, माणूस अपेक्षित आहे, आणि तोही प्रत्येक पाळीत.

दुसरी वाईट सवय म्हणजे सुरक्षा साधनांना बगल देण्याची. पाण्याची पातळी घसरली की बर्नर आपोआप बंद करणारे उपकरण, ज्याला बॉयलरवरचे लोक 'मोब्रे' म्हणून ओळखतात, ते गाळ साचल्याने वरचेवर बॉयलर बंद पाडू लागते. वाफ तुटली की कापडाचा माल खराब होतो, मालक ओरडतो. मग कोणीतरी वायर जोडून ते उपकरण 'बायपास' करतो. बॉयलर पुन्हा चालू लागतो, दिवस निभावतो. त्या क्षणापासून बॉयलर आणि स्फोट यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ गेज ग्लासकडे पाहणारा एक माणूस. त्याला डुलकी लागली, तर उरते काहीच नाही.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. बॉयलरवरचे फलक, निर्मात्याची पुस्तिका, लॉगशीट हे बहुधा इंग्रजीत असते. ते हाताळणारा माणूस मराठी, हिंदी, ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा असतो. आकडे तो वाचतो, पण सूचनांमागचे कारण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कारण न कळलेली सूचना घाईच्या वेळी सर्वांत आधी मोडली जाते.

मोठ्यांनाही धडा

प्रशिक्षणाची उत्तम व्यवस्था असली म्हणजे सारे आलबेल असते, असेही नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथे एनटीपीसीच्या ५०० मेगावॉटच्या संचात भीषण अपघात झाला. बॉयलरच्या तळाशी राखेचे कठीण थर साचले होते आणि संच चालू असतानाच ते फोडण्याचे काम सुरू होते. भट्टीतील तप्त वायू, राख आणि वाफ बाहेर फेकली गेली. चाळीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी होती. तमिळनाडूतील नेवेली येथे एकाच औष्णिक केंद्रात मे आणि जुलै २०२० असे दोन महिन्यांच्या आत दोनदा बॉयलरचे अपघात झाले आणि त्यांतही कामगारांचे बळी गेले.

उंचाहारच्या घटनेतून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. नियंत्रण कक्षात बसलेला अभियंता कितीही प्रशिक्षित असला, तरी भट्टीच्या तळाशी पहार घेऊन उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला आपण कशासमोर उभे आहोत याची कल्पना नसेल, तर साखळी तेथेच तुटते. शिवाय, संच बंद करण्याचा निर्णय घेण्याची मोकळीक पाळीच्या प्रमुखाला किती असते, हाही प्रश्न उरतो. विजेची मागणी, उत्पादनाचे लक्ष्य, वरून येणारे फोन या दबावात 'आता बंद करू या' हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. बॉयलर चालवण्याचे शिक्षण म्हणजे तो वेळीच बंद करण्याचे शिक्षण. आणि ते शिक्षण तेव्हाच कामी येते, जेव्हा बंद करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारला जात नाही.

सौरऊर्जेने वाढवलेली जबाबदारी

कोळशाचे दिवस सरत आहेत, मग हे शिकून करायचे काय, असा प्रश्न तरुणांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. दिवसा सौरऊर्जा मुबलक मिळू लागल्याने कोळशाच्या संचांना दुपारी भार कमी करावा लागतो आणि सूर्य मावळताच तो झपाट्याने वाढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाचे संच ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत खाली आणण्याची क्षमता अपेक्षिली आहे. मूळ आखणी एकसारख्या भारावर चालण्यासाठी झालेल्या बॉयलरमध्ये अशी रोजची चढउतार करायची म्हणजे नळ्यांवर ताण येतो आणि कमी भारावर ज्योत अस्थिर होते. साहजिकच चालवणाऱ्याचे काम सोपे न होता अवघडच झाले आहे. शिवाय साखर, दूध, औषधे आणि कापड या उद्योगांना वाफ लागतेच. इंधन बगॅस असो, भुशाच्या कांड्या असोत वा नैसर्गिक वायू, बॉयलर आणि त्याला जाणणारा माणूस हवाच.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्याला चालत्या बॉयलरवर सलग काही आठवडे उभे राहण्याची संधी हवी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि महाविद्यालयांचे वेळापत्रक यांची सांगड घातली, तर पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात हे अशक्य नाही. दुसरी, अटेंडंटच्या प्रशिक्षणाचे साहित्य सोप्या मराठीत आणि हिंदीत, आकृत्यांसह हवे. तिसरी, लहान बॉयलरसाठीही सिम्युलेटर हवेत. आजच्या साध्या संगणकावरही पाणी कमी झाल्याची स्थिती उभी करता येते. चौथी, प्रमाणपत्र एकदा मिळाले म्हणजे जन्मभराची निश्चिंती, ही समजूत जायला हवी. यंत्रे बदलतात, इंधने बदलतात, तेव्हा उजळणीही ठरावीक काळाने व्हायला हवी. आणि पाचवी, राख काढणाऱ्या, कोळसा टाकणाऱ्या कंत्राटी कामगारालाही बॉयलरघरात पाऊल टाकण्यापूर्वी किमान धोक्याची ओळख करून दिली पाहिजे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनीही काही गोष्टी पारखून घ्याव्यात. खासगी संस्थेत प्रवेश घेताना तेथील अभ्यासक्रमाने बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेची पात्रता मिळते का, प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोणत्या कारखान्यात आणि किती काळ मिळणार, त्याची रीतसर नोंद होणार का, हे आधी विचारावे. अनुभवाची नोंद नसेल, तर हाती आलेला कागद परीक्षक मंडळापुढे उपयोगी पडत नाही.

उद्योजकांना या साऱ्यात खर्च दिसतो. पण प्रशिक्षित अटेंडंट केवळ अपघात टाळत नाही. पाण्याची प्रत राखून तो नळ्यांवर क्षार साचू देत नाही, धुराचा रंग पाहून हवा व इंधनाचे प्रमाण जुळवतो आणि त्यातून इंधनाची मोठी बचत होते. त्याचा पगार त्यातूनच निघू शकतो.

पुढच्या वेळी एखाद्या कारखान्यातील स्फोटाची बातमी येईल, तेव्हा बॉयलर फुटला की रिअॅक्टर, हा प्रश्न विचारला जाईलच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्या पाळीत तेथे कोण उभे होते, त्याला काय शिकवले होते, आणि धोका दिसल्यावर यंत्र बंद करण्याचा अधिकार त्याला होता का? याचे उत्तर प्रत्येक कारखान्याने अपघाताच्या आधीच देऊन ठेवले पाहिजे.